फिल्टर वाळतोय

राडेकनं आइंडहोवनहून पाठवलं.
खोक्यावर चित्र: हसरी बाई, पांढरा सोफा,
फरशीवर कणसुद्धा नाही. मग तिच्या घरी
हे यंत्र खातं काय, कोण जाणे.

माझं घर अडतीस चौरस मीटर,
चौथा मजला, लिफ्ट नाही.
शहराचं नाव वूच, म्हणजे होडी.
नदी मात्र गावात कुणाला दिसत नाही,
गिरण्या बांधताना ती जमिनीखाली पुरली.
आता ही तव्याएवढी होडी
गुणगुणत निघते पलंगाखाली,
जिथे माझे गुडघे अकरा वर्षांत गेले नाहीत,
आणि येताना घेऊन येते
तेओदोरच्या कोटाचं बटण,
एक वाळका वाटाणा,
मांजरीचा अख्खा हिवाळा.

पिशवी नाही गं आई हिला, खर्च वाचला.
खरंय. जुन्या मशीनच्या पिशव्या
दुकानात मिळेनाशा झाल्यावर
मी एकच पिशवी उसवून, झटकून,
पुन्हा शिवून घालायची.
पण पिशवी म्हणजे झाकली मूठ.
हिचं पोट पेल्याएवढं, आणि आरपार दिसणारं.
एवढी धूळ? माझ्या घरात? काल तर काढली!
खालची यादविगाबाई येणार असली
की आधी मी हिचं पोट रिकामं करते,
मग दाराची कडी काढते.

कोपरे हिला कळत नाहीत.
गोल जिवाला कोपरा कळावा तरी कसा.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पोट टेकून
चाकं हवेत फिरवत राहते,
आणि रात्री दोनला कुणाला तरी हाक मारावी
तशी शिट्टी वाजवते.
एकदा गालिच्याची झालर गिळून बसली.
गालिचा आमच्याच गिरणीतला, लग्नातला.
कात्री हातात घेतली,
पण सोडवायचं कुणाला, हे ठरेपर्यंत
एक चहा संपला.
झालर कापली.

आणि ते रिकामं करणं.
पुस्तिका म्हणते: बटण दाबा, झाकण उघडेल.
उघडतं.
दिवसभर गोळा केलेलं निम्मं
परत माझ्याच तोंडावर.
सत्तावीस वर्षं कताईखात्यात,
रात्रपाळीहून भुवयांवर कापूस घेऊन घरी यायचे मी,
मला धूळ काय शिकवता.
डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला होता
आणि पेनाच्या टोकानं दाखवलं होतं,
हे इथे, आणि हे इथे.
म्हणून गॅलरीत जाते, नाकाला रुमाल बांधून,
समोरच्या दोरीवरच्या चादरी बघून
वाऱ्याची बाजू ठरवते.
वारा तरीही मध्येच मत बदलतो.

मग फिल्टर. नळाखाली धरला
की आधी काळं पाणी, मग राखाडी,
मग नुसतं पाणी.
चोवीस तास वाळवा, घाई करू नका.
मी त्या पाण्याकडे बघत उभी राहते.
छातीही अशीच
बटण दाबून काढता आली असती तर.
असो.

हीटरवर, मोज्यांशेजारी, तो वाळत असतो,
होडी धक्क्याला लागलेली,
आणि मी झाडू घेऊन तिचे राहिलेले कोपरे काढते.

दुसऱ्या दिवशी फोन.
राडेकच्या मोबाइलवर माझ्या घराचा नकाशा आहे,
होडी फिरली की त्यावर हिरव्या रेघा उमटतात.
कालपासून रेघ नव्हती.
आई, बरी आहेस ना?
बरी आहे. फिल्टर वाळतोय.
हां हां, मग ठीक.
आणि मग तो फोन ठेवत नाही.
तिथला पाऊस, धाकटीचा पडलेला दात,
बिटाचं सूप मी कशानं आंबट करते,
वीस मिनिटं, कधी पंचवीस.
पूर्वी फोन नाताळला यायचा
आणि माझ्या नामदिनाला.

पुस्तिकेत लिहिलंय,
फिल्टर महिन्यातून एकदा धुवावा.
मी दर बुधवारी धुते.